शून्य भाड्याची नऊ तिकिटे

रंगूबाईंनी दिल्लीच्या विमानतळावर नऊ तास काढले आणि त्यांना त्यात वावगे काहीच वाटले नाही. पुण्याहून गुवाहाटीला थेट जाणारे विमान त्याच दिवशी होते, त्यात जागा होत्या आणि भाडेही तेवढेच होते. त्यांना मात्र दिल्लीमार्गे पाठवण्यात आले. कवठे महांकाळजवळच्या त्यांच्या घरी ओट्यावर बसून मी हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"इसावा लागतोच की, बाई," त्या म्हणाल्या. "बैलाला लागतो, मग इमानाला न्हाई लागणार व्हय?"

"विमान विसावा घेत नव्हतं, रंगूबाई. तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवलं."

"तेच म्हंते मी. पैलं दमलं म्हणून दुसरं जुपलं."

शेजारी बसलेली भार्गवी वहीत मान घालून हसू दाबत होती. रंगूबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि माझ्याकडे बोट केले. "ह्यास्नी च्या दे गं आत जाऊन. लय उन्हाच्या आल्यात. आन एक सांगते, शांतिनाथशेटचं वाईट ऐकणार न्हाई मी. चाकाची खुर्ची दिली हुती मला. मानसानं ढकलत न्हेलं. माज्या सासऱ्याला बी कवा कुणी ढकलत न्हेलं न्हाई."

रंगूबाईंचा मुलगा गुवाहाटीत गलाईचे दुकान चालवतो, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करतो. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या तालुक्यांतून या धंद्यासाठी देशभर गेलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. जत्रेला, लग्नाला, बाळंतपणाला त्यांचे येणे-जाणे चालू असते आणि आता ते विमानाने होते. त्यामुळे ज्या भागात विमान क्वचितच उतरते, त्या भागात विमानाची तिकिटे विकणारे मात्र पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सांगलीतला शांतिनाथ. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या तिकीट एजंटांच्या संघटनेचा अध्यक्षही तोच.

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात एकोणतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला राहायला आले. तिथल्या ग्राहक संघटनेने त्या वर्षी मला एक काम दिले. तिकिटामागे एजंटाला विमान कंपनीकडून किती दलाली मिळाली, ते तिकिटावर छापणे सक्तीचे करावे, अशा नियमाचा मसुदा वरून हरकतींसाठी आला होता. संघटना नियमाच्या बाजूने होती, पण तिच्याकडे भाषणांखेरीज काही नव्हते. "मॅडम, आकडे द्या," एवढेच त्यांनी सांगितले. मला ते आवडले. भाषणांवर माझा विश्वास नाही.

भार्गवी माझी विद्यार्थिनी. एम.एस्सी. पहिल्या वर्गात. तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवून, तीन वर्षे पगाराची वाट पाहून, शेवटी ती शांतिनाथच्याच कार्यालयात तिकिटाच्या खिडकीवर बसू लागली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत साहाय्यकाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. अर्जासोबत जोडायला तिच्याकडे स्वतःचे असे एकही काम नव्हते. हा अभ्यास तिचे पहिले काम ठरणार होता आणि शिफारस माझी असणार होती. मुलाखत चौदा तारखेला होती. हे सर्व मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

शांतिनाथकडे आम्ही परवानगी मागायला गेलो, तेव्हा तो नकार देईल अशी माझी खात्री होती. त्याने दोन कप चहा आणि भडंग मागवले.

"लपवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "घ्या की. सहा महिन्यांची सगळी तिकिटं आहेत. भार्गवीला माहिती आहे कुठं काय असतं ते."

"त्यातून तुमच्याविरुद्ध काही निघालं तर?"

"मॅडम, मी तुम्हाला एक विचारू? खिडकीवर येणारा माणूस मला काय देतो? तिकिटाचे पैसे. ते मी कंपनीला देतो. मला देणार कोण? कंपनी. तीन महिन्यांत एवढी तिकिटं खपवा, मग सगळ्यांवर जादा टक्का, असं टार्गेट असतं. मार्च संपत आला आणि शंभर कमी पडत असली, तर मी काय करावं? जो देतो त्याचं ऐकावं, का जो न देता नुसता बसतो त्याचं?"

"प्रवाशाला हे सांगावं."

"त्यानं विचारावं की." तो हसला. "आजवर एकानं विचारलं नाही."

आम्ही दर तिसरे तिकीट निवडले. एकूण चारशे बारा निघाली. शांतिनाथने यादीच्या प्रत्येक पानावर सही केली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. निष्कर्ष स्वच्छ होते. चारशे बारापैकी एकशे सत्तावीस प्रवाशांना, तेवढ्याच किंवा कमी भाड्याचे आणि किमान दोन तास लवकर पोहोचवणारे विमान उपलब्ध असताना, दुसरे तिकीट दिले गेले होते. तिमाहीच्या शेवटच्या पंधरवड्यात हे प्रमाण शेकडा बासष्टपर्यंत चढत होते, आणि नवी तिमाही सुरू होताच उतरत होते. योगायोगाला इतकी शिस्त नसते.

भार्गवीने सारण्या तयार केल्या आणि एका दुपारी त्या घेऊन ती साताऱ्याला आली. एक सारणी तिने वेगळी ठेवली होती.

"मॅडम, ही नऊ तिकिटं वेगळी आहेत. सगळी थेट विमानाची, आणि भाडं शून्य. ही मानाची तिकिटं."

"म्हणजे?"

"टार्गेट पूर्ण झालं की कंपनी शेटना काही जागा फुकट देते. त्या ते विकत नाहीत. मान म्हणून देतात, जत्रेत फेटा बांधतात तसा." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "मला वाटतं, मॅडम, आपल्या अभ्यासात हेच महत्त्वाचं आहे. एकशे सत्तावीस जणांचं नुकसान होतं हे बाकीच्या सारण्या सांगतात. त्याविरुद्ध कुणीच का बोलत नाही, ते ही सांगते."

मी नावे वाचली. आप्पासोंचे स्वीय सहायक, दोनदा. आप्पासो दोन वेळा आमदार होते आणि या मसुद्यावर जनतेचे म्हणणे ऐकण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. सिद्धू, ज्याच्या हाती दोन तालुक्यांतली कुस्तीची मैदाने असतात. एका जत्रा कमिटीचे अध्यक्ष. दोन वार्ताहर. पंचायत समितीचे एक सदस्य. एका पतसंस्थेचे संचालक.

"सातव्या ओळीत तुम्ही आहात," भार्गवी म्हणाली. कागदावरून नजर न उचलता म्हणाली.

मागच्या मार्चमध्ये माझ्या मुलीचे, ज्ञानदाचे, गुवाहाटीत ऑपरेशन झाले होते. मी घाईने शांतिनाथला फोन केला होता. त्याची मुलगी प्रियदर्शनी माझ्या हाताखाली शिकली होती. त्याने तासाभरात तिकीट पाठवले आणि पैशांचे विचारल्यावर म्हणाला, "कंपनीची स्कीम आहे, मॅडम, ज्येष्ठांसाठी." डॉक्टरांनी एखादी गोळी लिहून दिली, तर तिची चाचणी किती रुग्णांवर झाली हे विचारणारी मी. कोणती स्कीम, हे मी विचारले नाही. मुलगी आजारी होती, हे खरे आहे. पण मी परत आले तेव्हा ती बरी होती, आणि तेव्हाही मी विचारले नाही.

ज्या टार्गेटमधून ते तिकीट आले, ते रंगूबाईंसारख्यांना दिल्लीत बसवून पूर्ण झाले होते. हे समजायला सारणीची गरज नव्हती.

"असू दे," मी भार्गवीला म्हणाले. "नोंद ती नोंद. सारणी जाईल."

तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याला मी आदर म्हणेन. तो मला त्या क्षणी रास्तही वाटला.

अहवाल छपाईला देण्याच्या आदल्या दिवशी मी ती सारणी काढली. आधी तिच्या जागी एक वाक्य घातले: 'शून्य भाड्याची तिकिटे अभ्यासाच्या कक्षेबाहेर असल्याने वगळली आहेत.' वाक्य शास्त्रीय होते. अशी वाक्ये मी आयुष्यभर लिहिली आहेत आणि बहुतेक वेळा ती खरी होती. मग माझ्या लक्षात आले, की हे वाक्य वाचणारा पुढचा प्रश्न विचारणार: किती तिकिटे आणि कुणाची? म्हणून मी ते वाक्यही पुसले. सर्वत्र चारशे बाराऐवजी चारशे तीन केले. त्यामुळे मुख्य प्रमाण शेकडा ३०.८ ऐवजी ३१.५ झाले, म्हणजे आमची बाजू किंचित बळकटच झाली. मी स्वतःला हेही ऐकवले. भार्गवीला कळवले नाही. छपाईची घाई होती.

सुनावणी सांगलीतल्या एका सभागृहात होती. एजंट येतील अशी माझी अपेक्षा होती. जीपगाड्यांतून गावे आली. पुढच्या चार रांगा फेट्यांनी भरल्या होत्या. सिद्धू माईकजवळ उभा होता आणि माईकची त्याला गरज नव्हती.

"मॅडमनी लय अभ्यास केलाय, आमी मानतो," तो म्हणाला. "पर त्यास्नी इचारा, आमच्या जत्रंत पैली कुस्ती कुणाच्या नावानं लागती? शांतिनाथशेटच्या. चांदीची गदा कोण देतं? शेट. कशातनं? त्या कमिशनातनं. ते तिकिटावर छापलं, की उद्या परत्येक जण म्हणंल, माजं एवढं मला परत द्या. मग मैदान काय, ह्यांच्या पुस्तकावर भरवायचं?"

सभागृह हसले. मागून कुणीतरी म्हणाले, "पुस्तकावर चीतपट व्हायचं गड्या, माती तरी लागत न्हाई."

आप्पासो हसले आणि हात वर करून त्यांनी सभा शांत केली. सत्तरीचे, सौम्य, ऐकून घेणारे गृहस्थ. "सिद्धू, बस. मॅडम, तुम्ही बोला. हे असंच बोलणार. तुमच्याकडं आकडे आहेत."

मी बोलले. वीस मिनिटे, नीट क्रमाने. रंगूबाईंचे उदाहरण नाव न घेता सांगितले. तिमाहीअखेरच्या चढ-उताराचा आलेख दाखवला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारले, "म्हंजे आमच्या सुनंला हैद्राबादला बसवून ठेवली ती ह्याच्यापायी व्हय रं?" शेजाऱ्याने त्याला गप्प केले. पण प्रश्न विचारला गेला होता. त्या सभागृहात ऐकलेला तो पहिला योग्य प्रश्न. मी पाहिले, फेट्यांच्या मागे पाचव्या रांगेत भार्गवी ताठ बसली होती. तिच्या मांडीवर छापील अहवाल होता आणि ती मागची पाने उलटत होती. पुन्हा उलटत होती.

मग शांतिनाथ उठला.

"मॅडम, मी चारशे बारा दिली होती," तो म्हणाला. "प्रत्येक पानावर माझी सही आहे. इथं चारशे तीन लिहिलंय. नऊ कुठं गेली?"

त्याच्या आवाजात कुरापत नव्हती. माणूस व्यवहाराचा; दिलेले आणि पोहोचलेले जुळत नव्हते, म्हणून त्याने विचारले. मला वाटते, त्याला त्या क्षणी ती नऊ कोणती हे आठवतही नव्हते.

उत्तर सोपे होते. 'ती मानाची तिकिटे होती, त्यांतले एक माझे होते.' वाक्य मला तयार मिळाले होते, ते फक्त उच्चारायचे होते.

"नऊ नोंदी अपूर्ण होत्या," मी म्हणाले. "त्या वगळल्या."

"अपूर्ण?" आप्पासोंनी चष्मा लावून पहिले पान पाहिले. "नोंदी कुणी केल्यात?"

"संकलन भार्गवीचं आहे," मी म्हणाले. श्रेय द्यावे तशा स्वरात.

शांतिनाथने माझ्याकडे पाहिले. आता त्याला आठवले होते. तो खाली बसला. आप्पासोंच्या मागे उभा असलेला त्यांचा सहायक खिडकीतून बाहेर पाहू लागला. सिद्धूने मिशीवरून हात फिरवला. ज्या नऊ तिकिटांवर प्रवास झाला, त्यांचे पाच धनी त्या सभागृहात होते, मला धरून. पाचही जणांना एकाच वेळी हायसे वाटले. त्या क्षणी मी त्यांच्यातली होते आणि हे आम्हा पाचही जणांना समजले होते.

"लहान पोरगी आहे, चूक व्हायची," आप्पासो प्रेमाने म्हणाले. "तिला कुणी बोलायचं नाही. पण मॅडम, नऊ अपूर्ण निघाली, तर बाकीची पूर्ण आहेत हे मी वर कसं कळवू? लिहून घ्या: अभ्यास स्तुत्य, परंतु नोंदी सदोष. अधिक अभ्यासाची आवश्यकता. तोवर नियमाची घाई करू नये."

टाळ्या पडल्या. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले, की शंका हे शास्त्राचे सर्वांत प्रामाणिक हत्यार आहे. आप्पासोंनी ते माझ्याच हातून घेतले होते आणि ते त्यांना देताना मी हरकत घेतली नव्हती.

सभागृहाबाहेर जीपगाड्या वळत होत्या. भार्गवी पायरीशी थांबली होती. ती रागावेल, रडेल, यापैकी कशालाही मी तयार होते. ती हळू आवाजात, कामाचे बोलावे तसे बोलली.

"मॅडम, अपूर्ण म्हणजे नेमकं काय, ते ठरवून घेऊ या. आजची बातमी छापून येईल, मुलाखतीत विचारतील. भाड्याचा रकाना रिकामा राहिला होता असं म्हणू का?"

"रिकामा?"

"मी तिथं शून्य लिहिलं होतं. शून्य लिहिणं आणि रिकामं ठेवणं यात फरक आहे, तुम्हीच शिकवलंय. पण यादी कुणी मागणार नाही आता." तिने अहवाल पिशवीत ठेवला. "तुमच्या आणि माझ्या सांगण्यात फरक पडायला नको."

मी सारणी का काढली, असे तिने विचारले नाही. सातव्या ओळीचा उल्लेख केला नाही. तिला कारण माहीत होते, आणि ते माझ्या तोंडून वदवण्याचा प्रसंग तिने माझ्यावर येऊ दिला नाही. माझ्यासाठी खोटे बोलण्याची तयारी दाखवून ती माझ्या होकाराची वाट पाहत होती. तेव्हा 'नाही' म्हणायला एक शब्द पुरला असता.

"हो," मी म्हणाले. "तसं सांगता येईल."

तिने मान हलवली आणि बसथांब्याकडे निघाली. त्या दिवशी पाच तारीख होती.

सहा तारखेला सकाळी मी पत्र लिहायला घेतले. समितीला एक, पुण्याच्या संस्थेला एक. नऊ तिकिटे ज्यांना मिळाली त्यांची नावे, त्यांत माझे पहिले, आणि नोंदी पूर्ण होत्या, हे विधान. दोन परिच्छेदांचे काम. पहिल्या मसुद्यात 'वगळली' असा शब्द होता. तो मला सौम्य वाटला. दुसऱ्यात 'दडवली' होता. तो भडक वाटला. तिसऱ्यात मी शांतिनाथच्या स्कीमचा खुलासा जोडला, चौथ्यात ज्ञानदाच्या ऑपरेशनचा, पाचव्यात दोन्ही काढले. मी अचूकतेसाठी थांबले आहे, असे मला वाटत होते. असे मला वाटू दिले, हे अधिक अचूक होईल. सहावा मसुदा सोळा तारखेला पोस्टात पडला. त्यात पहिल्यापेक्षा चार शब्द वेगळे होते.

समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही. नियमाचा मसुदा मागे घेतल्याची बातमी मी सतरा तारखेच्या वर्तमानपत्रात वाचली. आतल्या पानावर होती, आणि ती त्या यादीतल्या दोनपैकी एका वार्ताहराने दिली होती. त्याच दुपारी मी भार्गवीला फोन केला. ती खिडकीवर होती. मागे कुणीतरी बेळगावचे भाडे विचारत होते.

"मुलाखत कशी झाली?"

"झाली, मॅडम. त्यांनी नऊ नोंदींचं विचारलं. मी म्हटलं, भाड्याचा रकाना रिकामा राहिला, चूक माझी. त्यावर एक सर म्हणाले, रिकामा की शून्य? मी म्हटलं, रिकामा. ते म्हणाले, ज्यांना रिकामा रकाना वेळेवर दिसत नाही त्यांना आम्ही घेऊ शकत नाही. बरोबरच आहे त्यांचं."

"मी त्यांना पत्र लिहिलंय, भार्गवी. सगळं खरं लिहिलंय. नोंदी पूर्ण होत्या, तू शून्य लिहिलं होतंस, सारणी मी काढली. नावांसकट."

मागचा आवाज पुन्हा बेळगाव म्हणाला.

"म्हणजे आता त्यांना कळेल की मी मुलाखतीत खोटं बोलले," ती म्हणाली.

हे माझ्या सहाही मसुद्यांत आले नव्हते.

"कधी पाठवलंत?"

"काल."

"मुलाखत चौदाला होती, मॅडम."

"माहीत होतं मला."

"बरं," ती म्हणाली. मग खिडकीपलीकडच्या माणसाला, त्याच आवाजात, "काका, थेट आहे ते सकाळचं. दुसरं आहे त्याला मध्ये पाच तास थांबावं लागेल, भाडं तेच आहे. कुठलं काढू?"

फोन तिने बंद केला नव्हता. तो माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. मी फोन कानाशी धरून उभी राहिले. तिच्या टंकलेखनाचा आवाज येत होता. काही वेळाने तोही थांबला.